बिनशिक्क्याचं पान

त्या पानावर बाबांनी शिक्का उठवलेला नाही, हे मला ते गेल्यावर नवव्या दिवशी कळलं.

आमच्या गिऱ्हाईक लुटगार्दबाईंच्या प्रार्थनापुस्तकातली बाकीची सगळी चित्रं आधीच आख्तामावशीकडे बांधणीला गेली होती. हे एकच पान पेटीत, दोन फळ्यांमध्ये दाबून ठेवलेलं होतं. मृतांसाठीच्या प्रार्थना जिथे सुरू होतात, तिथे डाव्या हाताला ते बसायचं होतं. पलंगावर मरणाला टेकलेला एक माणूस, पायथ्याशी पाद्री, आणि उशाशी गुडघे टेकून बसलेली एक बाई, त्या माणसाच्या मुठीत पेटती मेणबत्ती धरून देणारी. मी वरची फळी उचलली, पान खिडकीपाशी नेलं आणि खालच्या समासात लाल किल्ली शोधली. ती नव्हती.

किल्ली ही बाबांची खूण. आमच्या ब्रूज शहरात सुटं चित्र विकायचं तर ज्या मास्तरच्या घरात ते झालं त्याची खूण समासात लागते. बाहेरगावची स्वस्तातली चित्रं इथली म्हणून खपू नयेत, यासाठी आमच्या चित्रकारांच्या संघाने तसा नियम केला आहे. शिक्का पितळेचा, घेवड्याच्या दाण्याएवढा. तो मास्तरनेच उठवायचा. मास्तर गेला की तिसाव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर संघाचे प्रमुख सगळ्यांसमोर तो हातोडीने फोडतात, आणि मग त्या खुणेचं नवं पान पुन्हा होत नाही.

बाबा विसरले असतील, असं मी स्वतःला सांगितलं. शिक्का समोर होता. लाल हिंगुळाचा शिंपला शेजारीच होता. पण माझा हात उचलला गेला नाही, कारण त्या पानाबाबत मी बाबांशी खोटं बोलले होते.

शेवटची दोन वर्षं बाबांच्या डोळ्यांवर साय धरत चालली होती. आमच्या घरात कामाची वाटणी जुनी होती. समासातली वेलबुट्टी माझी, सोन्याचा वर्ख लावून तो कुत्र्याच्या सुळ्याने घोटणं माझं, चेहरे बाबांचे. मग चेहरेही हळूहळू माझ्याकडे आले. तसं कोणी ठरवलं नाही. एके दिवशी त्यांनी ब्रश माझ्याकडे सरकवला आणि मी तो घेतला. मी काढलेल्या चेहऱ्यावर ते भिंग धरून वाकायचे, भुवईला नाहीतर ओठाला एक रेघ द्यायचे आणि शिक्का उठवायचे. त्या एका रेघेने चेहरा त्यांचा व्हायचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

या पानावरच्या बाईला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही.

"पलंग कर, पडदे कर, पाद्री कर," ते म्हणाले. "बाईला हात लावायचा नाही."

"आणि मेणबत्ती?"

"ती मी."

"लुटगार्दबाईंची मेणाची वखार आहे, बाबा. मेणबत्ती वाकडी आली तर पुस्तक तुमच्या डोक्यात घालतील."

"घालू दे. बांधणी जाड आहे. एका फटक्यात सुटेन."

ते अकरा दिवस बसले. सकाळी धुकं निवळून कालव्यावरचा उजेड खिडकीत आला की भिंग घेऊन बसायचे, आणि दुपारची घंटा वाजायच्या आत थकून ब्रश खाली ठेवायचे. चेहरा केवढा, तर मसुरीच्या डाळीएवढा. एवढ्याशा जागेला अकरा दिवस का लागावेत, हे मी त्यांना विचारलं नाही. मी ते त्यांच्या डोळ्यांवर ढकललं.

बाराव्या दिवशी जेवणानंतर त्यांचा डोळा लागला, तेव्हा मी पान पाहिलं. मेणबत्ती सरळ होती. बाईचे हात सुरेख होते. चेहरा बिघडला होता. तोंड डावीकडे खाली ओढलं गेलं होतं, त्या बाजूचा गाल सपाट झाला होता आणि डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा, मिटता न येणाऱ्या डोळ्यासारखा. बाबांचा हात थरथरला आणि ते सावरायला त्यांनी रंगावर रंग चढवला, असं मी समजले.

आमच्या धंद्यात चेहरे आठवणीतून काढत नाहीत. आमच्याकडे नमुन्यांची एक वही आहे, आजोबांच्या वेळची. तिच्यात बायकांचे सात चेहरे आहेत. माता मेरी, बुरुजाशेजारची संत बार्बरा, शेळ्या राखणारी पोर, सगळ्या या सातांतूनच येतात. पुस्तक ज्याचं, त्याचा तेवढा चेहरा समोर बसवून काढायचा. मी वयाच्या नवव्या वर्षापासून ती वही उतरवत आले. माझ्या हाताशी आलेलं प्रत्येक पुस्तक मी बांधणीला जायच्या आधी वाचलं, लॅटिनसुद्धा अशीच शिकले, पण नमुन्यात नसलेला चेहरा म्हणजे चुकलेला चेहरा, यापलीकडे त्या बाबतीत मला काही येत नव्हतं.

मी वाकड्या पात्याची सुरी घेतली आणि तो चेहरा खरवडून काढला. आमची पानं वासराच्या कातड्याची असतात; कातड्यावरचा रंग हलक्या हाताने खरवडला तर निघतो, फक्त खालची लव उभी राहते. तिच्यावर मी झामा दगडाची पूड चोळली, सुळ्याने घोटून जागा डोळ्यांना कळणार नाही इतपत गुळगुळीत केली, सफेदा लावला आणि वहीतला चौथा चेहरा तिथे बसवला. बाबा उठायच्या आत.

संध्याकाळी त्यांनी पान मागितलं. भिंग घेतलं नाही. उजव्या हाताचा अंगठा पानाच्या कडेवरून आत नेला आणि बाईच्या चेहऱ्यावर थांबवला.

"झालं?" ते म्हणाले.

"तुम्हीच केलंत की. मी नुसती ज्योत उजळली."

"हं," ते म्हणाले. "ठेव वाळायला. आणि ती खिडकी लाव, गार लागतंय."

त्यानंतर ते कामाला बसले नाहीत. दोन आठवडे आंबील आणि थोडी बिअर, एवढ्यावर राहिले. शेवटच्या सकाळी त्यांच्या मुठीत मेणबत्ती मी धरली. आमच्यात ती घरातल्या बाईने धरायची असते, आणि घरात मी एकटीच होते.

*

दहाव्या दिवशी मी पान फडक्यात गुंडाळून आख्तामावशीकडे गेले. आख्तामावशी पुस्तकं बांधते. नवरा गेल्यावर तिने त्याची शिवणचौकट घेतली आणि त्याच्यापेक्षा बरी चालवली. माझी आई आमेलबर्गा आणि ती एका गल्लीत वाढलेल्या. आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते. आई देखणी होती, एवढंच बाबा सांगायचे, आणि विषय बदलायचे.

"ये योसिने. जेवलीस का? नसशील. तोंडावर दिसतंय," मावशी सुईत दोरा ओवताना म्हणाली. "त्या भांड्यात हेरिंग मासा आहे. मांजरासाठी ठेवलाय, पण मांजर आज माजलंय."

"नंतर खाते. आधी माप बघ. समास किती कापणार आहेस?"

तिने हात पुसले आणि पान चौकटीवर ठेवलं. आधी कडा पाहिल्या, मग खालचा समास.

"खूण कुठाय?"

"राहिली. मी उठवते. शिक्का अजून घरात आहे."

"हां, उठव बाई. त्या मेणवाल्या बाई खूण बघितल्याशिवाय पुस्तकाला हात लावायच्या नाहीत. मागच्या आठवड्यात इथे येऊन एकेक किल्ली मोजून गेल्या, कोंबड्या मोजल्यासारख्या." ती हसली, आणि मग तिचं हसू थांबलं. तिने पान डोळ्यांजवळ नेलं.

"हे ते पान नाही."

"म्हणजे?"

"लिव्हिनने, तुझ्या बापाने, मला पान दाखवलं होतं. मापासाठी म्हणून आला होता, काठी टेकत. माप त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, मी काय दूधखुळी आहे? मला आमेल दाखवायला आला होता तो. हिच्या जागी आमेल होती." तिने माझ्याकडे पाहिलं. "तिचं तोंड कुठे गेलं?"

मावशीने पान खाली ठेवलं.

"तुला कोणी सांगितलंच नाही का? तू झालीस त्या हिवाळ्यात तिचं तोंड एका रात्रीत डावीकडे गेलं. डोळा मिटेना. लोक काय काय बोलायचे. चर्चमध्ये बुरखा ओढून बसायची. आणि लिव्हिन तिला म्हणायचा, आता तू वहीतली राहिली नाहीस, आता तुला मीच ओळखतो. असलं काहीतरी बोलायचा. मला तेव्हा तो खुळा वाटायचा." तिने नाक ओढलं. "बत्तीस वर्षांनी बरोब्बर उतरवली होती रे देवा. तो मिटत नसलेला डोळासुद्धा. मी इथेच बसून रडले."

"मी खरवडला," मी म्हणाले. "मला वाटलं, त्यांचा हात थरथरला."

मावशीने भांडं माझ्यापुढे ओढलं.

"त्याला कळलं?"

"त्यांनी अंगठा फिरवला होता."

"मग कळलंच," ती म्हणाली. "खा."

*

घरी येऊन मी पान खिडकीवर आडवं धरलं, उजेड कडेने येईल असं. सफेद्याखाली एक बारीक चर दिसली. बाबांनी आधी शिशाच्या कांडीने रेघ ओढली होती आणि कातडं दबलं होतं. रंग निघाला तरी दाब निघत नाही. चर डावीकडे खाली उतरत होती.

पान उजेडासमोर धरलं तर चेहऱ्याच्या जागेतून ऊन आरपार दिसत होतं. पुन्हा खरवडलं असतं तर भोक पडलं असतं. म्हणजे माझ्या चेहऱ्यावरच चढवायचं. चेहरा आठवायला मला त्रास झाला नाही. पुसायचा म्हणून मी तो नीट पाहिला होता. बाबा आणि मावशीनंतर तो पाहिलेली मी एकटीच होते, आणि पाहिला तो सुरी हातात घेऊन.

मी सहा दिवस बसले. एका केसाच्या ब्रशने डावा ओठ खाली नेला, गालावरची सावली काढून टाकली, डोळा उघडला. मग पान घेऊन पुन्हा मावशीकडे गेले. ती दारातच उभी राहून बघत राहिली.

"आहे?" मी विचारलं.

"तिची बहीण म्हणता येईल."

"आईला बहीण नव्हती."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली, आणि पान मला परत दिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "शिक्का मार, योसिने. ऐक माझं. मेलेल्या माणसाचा राग सांभाळत बसलीस तर पुस्तक अडेल. तुमचं घर त्या किल्लीवर उभं आहे."

"त्यांनी मुद्दाम मारला नाही, मावशी. माझ्या चेहऱ्यांवर ते मारायचे. यावर नाही मारला."

"विसरला असेल."

"तू त्या दिवशी म्हणालीस, कळलंच."

"मी दिवसभर काहीही बोलते. दोरा दातात धरून बोलणाऱ्या बाईचं काय मनावर घेतेस?"

*

तिसाव्या दिवशी संघाच्या देवळात वीसेक माणसं होती. मेणबत्त्या लुटगार्दबाईंनी पाठवल्या होत्या, मोठ्या, पिवळ्याधमक, एकही न वाकलेली. त्या स्वतः पुढच्या बाकावर बसल्या होत्या, फरचा गळपट्टा लावून. पान माझ्या पिशवीत होतं.

प्रार्थना संपल्यावर रुलांट मास्तर पुढे आले. ते संघाचे प्रमुख, आणि तरुणपणी दोन वर्षं बाबांच्या हाताखाली काम केलेले. त्यांनी शिक्का लहान ऐरणीवर ठेवला, शेजारी हिंगुळाची वाटी ठेवली. फोडण्याआधी तीनदा विचारायचं असतं. घरात काही पानं राहून गेली असतील तर तिथेच, सगळ्यांसमोर, शेवटची खूण उठवून मिळते. बहुतेक घरं एखाददुसरं पान घेऊन येतात. त्यातलं सगळंच मेलेल्या माणसाच्या हातचं असतं असं नाही, आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

"लिव्हिन मास्तरांच्या हातचं काही बिनखुणेचं उरलंय का?" रुलांट मास्तरांनी विचारलं.

लुटगार्दबाई वळून माझ्याकडे बघू लागल्या.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं. मग हातोडी न उचलता जवळ आले आणि हळूच म्हणाले, "अगं, पिशवीत आहे ना पान? काढ की. मी काय भिंग लावून बसणार आहे का?"

मी पिशवीवर हात ठेवला. पलंग माझा होता, पडदे माझे, पाद्री माझा. मेणबत्ती आणि बाईचे हात त्यांचे. चेहरा त्यांचा होता आणि मी तो पुसला होता. आता तिथे जे होतं त्याला मी त्यांचं म्हणाले असते, तर ती त्यांनी न दिलेली रेघ मी त्यांच्या हातून ओढून घेतल्यासारखं झालं असतं.

तिसऱ्यांदा त्यांनी मोठ्याने विचारलं, नियमाप्रमाणे.

"त्यांच्या हातचं होतं," मी म्हणाले. "आता काही उरलेलं नाही."

रुलांट मास्तरांनी हातोडी मारली. एवढ्याशा पितळेचा आवाज फारसा होत नाही.

लुटगार्दबाई उठून सरळ माझ्याकडे आल्या. "आणि माझं पान? मृतांच्या प्रार्थनेचं?"

मी ते काढून त्यांच्या हातात दिलं. "यातली बाई मी काढलीय, बाईसाहेब. बाबांचा चेहरा मी खरवडला. म्हणून खूण नाही."

त्यांनी पान मेणबत्तीजवळ नेलं. आधी मेणबत्तीच पाहिली. "ही चांगली आहे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वाकल्या. "हिचं तोंड असं का?"

"असंच होतं."

"कोणाचं?"

"माझ्या आईचं."

त्या काही वाईट बोलल्या नाहीत. त्या बाई तशा वाईट नाहीत. "बघ पोरी," त्या म्हणाल्या, "हे पुस्तक मी रोज उघडणार, आणि शेवटी माझ्या उशाशी असणार. तेव्हा कोणीतरी शांत चेहऱ्याचं हवं गं. हे बघून मला भीती वाटते." पान त्यांनी दोन्ही हातांनी परत दिलं. "हे पान मी दुसऱ्या मास्तरच्या घरून करून घेते."

"आठ दिवस थांबा," रुलांट मास्तर मध्येच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू तुझी खूण का मागत नाहीस? आपल्या संघात बायका आहेत की. तीन मास्तरांसमोर एक चेहरा काढून दाखवायचा, नमुन्यावरून. तुला काय कठीण आहे?"

*

मला काहीच कठीण नव्हतं. पुढच्या मंगळवारी संघाच्या खोलीत तीन मास्तर शेकोटीकडे पाठ करून बसले आणि मी पलंग-पडदे घरीच करून नेलेल्या नव्या पानावर उशाशी बसलेली बाई काढली. वहीतला चौथा चेहरा. दोन्ही डोळे सारखे, ओठ मिटलेले, गालावर सावली. दुपारच्या घंटेच्या आत झाला. एक मास्तर तर मध्येच झोपला होता.

"खूण कोणती?" रुलांट मास्तरांनी वही उघडून विचारलं. "किल्ली मिळणार नाही, ती गेली."

मी त्यांच्या वहीत एक आडवी रेघ काढली, डावीकडे खाली उतरलेली.

"वाकडी आली. पुन्हा काढ."

"वाकडीच आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रेघेकडे. आई त्यांना माहीत असणार, ते तेव्हा आमच्याच घरात काम करत होते. त्यांनी शाई टिपली आणि वही मिटली.

पुस्तक वेळेत बांधून झालं. लुटगार्दबाईंनी नवं पान पाहिलं, चेहऱ्यावर खूश झाल्या आणि म्हणाल्या, "अगदी तुझ्या बाबांच्या हातचं वाटतं." खालची लाल रेघ त्यांनी मोजण्यापुरती पाहिली.

जुनं पान माझ्याकडे आहे, त्याच दोन फळ्यांमध्ये. विकता येत नाही, बांधता येत नाही. मी ते फार वेळा बघत नाही, कारण बघितलं की ती मावशीने म्हटलेली बहीणच दिसते. कधी कधी डोळे मिटून अंगठा फिरवते. कडेपासून आत, गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग मसुरीएवढी एक खरखरीत जागा. बोटाला कळायला क्षणसुद्धा लागत नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारलं असतं, तर मी खरं सांगितलं असतं, असं मी स्वतःला म्हणते. पण त्यांनी विचारलं होतं. "झालं?" म्हणाले होते, आणि मी ज्योतीबद्दल बोलले.